पायानं उलटायचं पान

रत्नमालाताईंना समोरचं माणूस मधोमध दिसत नाही, कडेकडेनं दिसतं. मी पुढ्यात उभी राहिले तर माझे कान दिसतात, खांदे दिसतात, पदर दिसतो, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग. "मनकर्णाबाई, तुम्ही हसताय का रुसलाय ते तेवढं तोंडानं सांगत जा," असं त्या मला म्हणतात आणि स्वतःच हसतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, गेलेली नजर परत यायची नाही, पण आहे ती जपली तर टिकेल.

दुसरं कुणी असतं तर पेपर वाचणं सोडलं असतं आणि निभावलं असतं. पण ताई कीर्तनकार. आमच्या सिडकोतल्या दत्ताच्या देवळात दत्तजयंतीच्या सप्ताहाचं शेवटचं कीर्तन त्यांचंच. मी लग्न होऊन फुलंब्रीहून इथं आले तेव्हापासून ऐकतेय. चिपळ्या वाजल्या की माझ्या गुडघ्यांचं दुखणं कुठं जातं कोण जाणे. त्यांचे वडील देवगाव रंगारीचे, तेही कीर्तनकार. त्यांनी स्वतः रचलेली आख्यानं ताई गातात. ती छापलेली नाहीत, दुसऱ्या कुणाला पाठ नाहीत. वडिलांच्या बारीक अक्षरातले कागद समोर ठेवायचे आणि गायचं, हीच ताईंची सवय.

गेल्या वर्षी त्या दोनदा अडखळल्या. लोकांनी टाळ्यांत सांभाळून घेतलं, पण ताईंनी घरी जाऊन कागद फडक्यात बांधून ठेवले.

ते फडकं सोडलं त्यांच्या सुनेनं, मोनालीनं. ही पोरगी शेंद्र्याच्या कंपनीत नोकरीला आहे आणि सासूच्या कीर्तनाला पेटीवर बसते. तिनं संध्याकाळी बसून बसून पूर्वरंगासकट, म्हणजे आधीच्या निरूपणासकट, सगळं आख्यान टॅबमध्ये उतरवलं. काळ्या पाटीवर पांढरं अक्षर, आणि एकेक अक्षर लाडवाएवढं. ताईंनी कडेच्या नजरेनं पाहिलं आणि एकदम म्हणाल्या, "अगं, हे तर बाबांचं 'गोदामाय'!" मी तिथंच होते. शब्द ओळखू आला म्हणून कुणाचा चेहरा एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता.

पण लाडवाएवढं अक्षर म्हटल्यावर एका पानावर मावतात चारच ओळी. सारखं पान उलटावं लागणार. एका हातात चिपळ्या, दुसऱ्या हातानं हावभाव, आणि काचेवर बोट कुठं लावायचं ते नेमकं दिसत नाही. एकदा बोट भलतीकडं लागलं आणि आख्यानातली नाव नदीत शिरायच्या आधीच पलीकडं पोचली. मोनालीनं मग ओळी आपोआप सरकतील असं करून पाहिलं. तर ताई एखाद्या ओळीवर रेंगाळल्या तरी ओळी आपल्या पुढंच. "मी दृष्टांत देत बसले तर हे मला टाकून जाईल की," ताई म्हणाल्या.

शेवटी मोनालीनं पेडल आणलं. वायर नाही, काही नाही. पायाशी ठेवायचं, पायानं दाबलं की पान उलटतं. परदेशात वाजवणारे-गाणारे लोक असंच करतात म्हणे.

ताई त्या पेडलकडं बघत राहिल्या. "पायानं?"

"आई, पाय धुतलेलाच असतो ना? कीर्तनाच्या गादीवर चप्पल कुठं असते?"

"चपलेचं नाही गं. देवाचं नाव लिहिलंय त्या पानावर. बाबांचे शब्द आहेत."

"शब्द टॅबमध्ये आहेत. खाली नुसतं बटण."

"व्हय, पण उलटतंय तर पानच ना?"

देवळाच्या लोकांची काही हरकत नव्हती बरं का. टॅबलाही नाही, पेडललाही नाही. आमचे हे देवळाच्या कमिटीत आहेत. ते तर म्हणाले, "लई भारी आहे. कीर्तन ऐकायचं का पेडलकडं बघत बसायचं?" अडत होतं ते एकट्या ताईंचंच. पण दुसरा मार्ग दिसेना, म्हणून त्यांनी मन घट्ट केलं. कीर्तनाच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "उद्या जमलं तर जमलं. नाही जमलं तर मी गादीवर पुन्हा चढायची नाही. लोकांनी सांभाळून घ्यावं असं गाणं मला गायचं नाही."

मी नको नको म्हणाले. पण त्या बोलून मोकळ्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. ताई गादीवर उभ्या राहिल्या, कंबरेला शेला, समोर स्टँडवर टॅब. पेटीवर मोनाली, तबल्यावर इंद्रजीत. नमन झालं, आवाज लागला, चार ओळी झाल्या. मी मनात म्हटलं, आता. ताईंचा उजवा पाय हळूच पुढं गेला आणि पेडल दाबलं. पान उलटलं, अगदी बिनबोभाट. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ताई वाकल्या. खाली हात नेला, पेडलला लावला, तो डोळ्यांना लावला आणि मग पुढची ओळ धरली.

आपल्याकडं पुस्तकाला चुकून पाय लागला तर दुसरं काय करतो आपण? हात आपसूक जातो. ताईंचाही गेला.

पुढच्या चार ओळींनंतर पुन्हा तेच. पाय, वाकणं, डोळ्यांना हात. मोनाली पेटीवरून डोळे वटारून "नको, नको" अशी मान हलवत होती, पण ताईंना तिचे फक्त कान दिसत असणार. तिसऱ्या वेळेला माझ्या शेजारच्या म्हातारीनं हात जोडले. तिला वाटलं, इथं नमस्कार करायचाच असतो. तिचं बघून मागच्या ओळीनं जोडले. पूर्वरंग अर्ध्यावर आला तोवर ताई वाकल्या की अर्धा मंडप वाकत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "काय हो, ही नवी पद्धत का?" तर उत्तर आलं, "नाशिककडची असंल."

हसू येत होतं आणि रडूही. कारण ताईंचा श्वास तुटायला लागला होता. वाकून उठलं की सूर पहिल्यासारखा लागेना. साठी ओलांडलेली बाई, नाचत गायचं आणि वर ह्या उठाबशा. विवेचनाचा धागा दोनदा हातून सुटला. मी त्यांना पुरती ओळखते. त्या कीर्तन सांगत होत्या, पण मनात निरोप घेत होत्या.

मध्यंतराचा गजर झाला. ह्या वेळी कीर्तनकाराला हार घालायचा, बुक्का लावायचा मान आमच्या ह्यांचा. कारभारी नाव शोभून दिसावं असे हे हार घेऊन वर गेले. ताईंनी मान खाली केली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आख्यान थोडक्यात आवरते. माझ्यानं पायानं होईना."

मी पहिल्या ओळीत, म्हणून मला ऐकू आलं. हे हार घालून खाली यायला हवे होते. पण हे तिथंच बसले, गादीच्या कडेला मांडी घालून. पेडल उचललं, उपरण्याच्या टोकानं पुसलं आणि मांडीवर घेतलं.

"पायानं नका करू मग. मी हातानं दाबतो."

"तुम्हाला आख्यान ठाऊक नाही, भाऊ. कुठं उलटायचं ते—"

"ताई, तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. घंटी कधी मारायची ते मला शिकवू नका. तुम्ही मान हलवा, मी मारतो. डबल बेल!"

मोनाली हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू. ताई हसल्या नाहीत. त्यांनी हातात चिपळ्या घेतल्या, डोळे मिटले, उघडले, आणि आख्यान सुरू केलं.

'गोदामाय' म्हणजे एका नावाडणीची कथा. पुराची वेळ, पलीकडच्या काठावर एक आजारी वाटसरू हाका मारतोय, गावातले सगळे नावाडी दारं लावून बसलेत. ही एकटी निघते. ताईंनी मान हलवली, ह्यांनी दाबलं. पान उलटलं. पुन्हा मान, पुन्हा पान. ताईंना वाकायला काही उरलंच नव्हतं. हात मोकळे, पाय मोकळे. पाचसहा पानं झाली आणि मला त्यांचा तो जुना आवाज ऐकू आला. त्या आवाजावर मी सून म्हणून आले तेव्हा जीव लावला होता. तो बारीक झाला नव्हता, थकलाही नव्हता. नुसता दबला होता. मी पदर तोंडाला लावला.

नाव मध्यधारेत आली, वल्हं मोडलं. ताईंनी मान हलवली. पान उलटेना.

ताईंनी पुन्हा मान हलवली. इंद्रजीतनं तबल्यावर ठेका फिरवत ठेवला. मी ह्यांच्याकडं पाहिलं तर हे पेडल छातीशी धरून टॅबकडं टक लावून बसलेले. लाडवाएवढी अक्षरं, ह्यांना चष्म्याशिवाय वाचता येत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आख्यानात पार बुडाले होते.

ताई कडेच्या नजरेनं बघून म्हणाल्या, "भाऊ, नावाडीण बुडायला लागलीय. पान!"

मागून कमिटीतल्या अप्पारावांचा खणखणीत आवाज आला, "ओ कंडक्टर, घंटी मारा! गाडी मधेच थांबलीय!"

अख्खा मंडप हसला. हे दचकले, गडबडीत दोनदा दाबलं, मग मोनालीनं पेटीवरचा एक हात सोडून पान मागं आणलं. आणि ताईसुद्धा हसल्या, चिपळ्या धरलेल्या हातानंच तोंड झाकून. हसता हसताच त्यांनी पुढची ओळ उचलली, ती अशी की मंडप पुन्हा एका क्षणात शांत. नावाडीण मोडक्या वल्ह्याच्या तुकड्यानं पाणी कापत निघाली. आम्हीही तिच्याबरोबर निघालो. वाटसरू ऐल काठाला उतरला तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी उघड रडत होती आणि मीही.

शेवटचा गजर ताईंनी लांबवला, चांगला लांबवला. थांबायचं त्यांच्या मनातच नव्हतं.

आरती झाल्यावर लोक पाया पडायला आले. मी गर्दी ओसरायची वाट बघत उभी होते. पुन्हा गादीवर चढणार ना, एवढंच विचारायचं होतं, पण धीर होईना. तेवढ्यात हेच पुढं झाले, पेडल अजून हातातच.

"ताई, पुढच्या साली मला आधी घरी बोलवा. चार वेळा ऐकू द्या. म्हणजे मग गादीवर रडणार नाही."

"चार वेळा ऐकलं तरी तुम्ही रडणार, भाऊ," ताई म्हणाल्या. "पण या. मोनाली, बाबांची बाकीची आख्यानंही उतरवून काढ बाई. एकाच आख्यानावर किती वर्षं काढायची?"

मला विचारायचं राहिलं ते राहिलंच. विचारायला आता काही उरलं नव्हतं.

प्रसादाच्या पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसले. सकाळपासून घोटभर चहावर होत्या. भात वाढला, वरण वाढलं. त्यांनी सगळं संपवलं आणि वाढप्याला हाक मारली, "अहो, इकडं या. भात आणा अजून. आणि तूप हात आखडून वाढू नका."

"मनकर्णाबाई," माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही काही बोलेनात. हसताय का?"

"हसतेय, ताई," मी म्हटलं. खरंच हसत होते.