पट्टा उतरला की साहेबांची सुट्टी

मित्रांनो, दारामागच्या तिसऱ्या खुंटीवर, छत्री आणि रिकाम्या पिशवीच्या मध्ये टांगलेला चामड्याचा जुना पट्टा म्हणजे मी. मला गळ्यातला पट्टा समजू नका. मी कुत्र्याच्या छातीवरून आणि पाठीवरून जातो आणि माझ्यावर एक ताठ दांडा आहे. तो दांडा नऊ वर्षे एका बाईंच्या डाव्या हातात होता. बाईंना जन्मापासून दिसत नाही.

एका वयस्कर कारागिराने मला सात दिवसांत शिवले. मेण लावलेला दुहेरी दोरा, इंचाला आठ टाके. दांडा बसवताना त्यांनी तो तीनदा काढला आणि पुन्हा बसवला. कुत्र्याने नुसती मान वळवली तरी ती बाईंच्या हाताला कळली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मग त्यांनी मला एका काळ्या लॅब्रॅडोरच्या अंगावर चढवले, बकल लावले आणि कुत्र्यालाच विचारले, "काचत नाही ना रे?" कुत्र्याने त्यांचा हात चाटला. आमची ओळख झाली ती अशी.

बाई पाणीपुरवठा कार्यालयात टेलिफोनवर होत्या. गावात कुठेही नळ कोरडा पडला की लोक आधी बाईंना फोन करत. घरापासून कार्यालयापर्यंत दोन चौक, एक बसथांबा आणि फुटपाथचा एक उखडलेला तुकडा. आम्ही रोज नऊ वाजून पन्नास मिनिटांनी पोचत असू आणि खरे साहेब सव्वादहाला. त्यामुळे टेबलाखाली बसणाऱ्या कुत्र्याचे नाव साहेब पडले. ते खऱ्या साहेबांच्या कानावर गेले, तेव्हा निदान एक साहेब तरी वेळेवर येतात, एवढेच म्हणून ते आपल्या खोलीत गेले.

संध्याकाळी घरी आल्यावर बाई माझी दोन्ही बकले सोडत. मी उतरलो की साहेबांची सुट्टी होई. ते तीन वेळा अंग झाडत, पलंगाखालून बाईंच्या सपाता आणून पायाशी ठेवत आणि मग घरभर हुंदडत. मी अंगावर असेपर्यंत त्यांनी कधी शेपूट हलवून कुणाशी सलगी केली नाही. मी उतरल्यावर त्यांनी कधी काम केले नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

माझ्या आधी बाईंच्या डाव्या हातात त्यांच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, उजवे कोपर असे. शाळेची अकरा वर्षे. ताईच्या प्रत्येक स्वेटरचे उजवे कोपर आधी झिजे आणि आई तेवढ्याच जागी ठिगळ लावी. ताई लग्न होऊन दूर गेली आणि काही वर्षांनी मी आलो. पहिल्या भेटीत ताईने मला खालीवर चाचपले आणि तिने सांगितले, की हा दांडा माझी नोकरी खाणार. ती हसत होती, पण दांडा मात्र तिने बराच वेळ सोडला नाही.

आमच्या नोकरीचे पाचवे वर्ष होते. एका सोमवारी सकाळी दहा चाळीसला भाचीचा फोन आला. ताईच्या हृदयाची झडप बदलायची होती. ते ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेले होते, पण तब्येत उतरल्यामुळे डॉक्टरांनी ते दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घ्यायचे ठरवले होते. ताई मात्र संमतीच्या कागदावर सही करत नव्हती. धाकटी आल्याशिवाय पेन हातात घेणार नाही, असे तिने सगळ्यांना ऐकवले होते. रात्री आठपर्यंत सही झाली नाही, तर तिची वेळ दुसऱ्या रुग्णाला जाणार होती आणि तिला तीन आठवडे थांबावे लागणार होते. डॉक्टरांना तीन आठवड्यांची खात्री नव्हती.

आगगाडीला एकोणीस तास लागत. चार दहाच्या विमानात जागा होती. पण कुत्रा न्यायचा तर विमान कंपनीला अठ्ठेचाळीस तास आधी कळवायचे, असा नियम. आमच्या हातात साडेपाच तास. साहेबांना मागे ठेवून या, असे कार्यालयात दोघांनी सुचवले. बाईंनी विचारले, "आणि परक्या गावात मी भिंती चाचपत फिरू?"

बाईंचा सारा जन्म लोकांना योग्य माणसाशी जोडून देण्यात गेला होता. त्या दिवशी त्यांनी ते स्वतःसाठी केले. विमान कंपनीत चार फोन, चौघांची नावे, प्रत्येक फोनची वेळ, सगळे ब्रेलच्या टाचणीने एका कार्डावर टोचून ठेवले. चौथ्या माणसाने सांगितले, की तातडीचे कारण आहे, कागद घेऊन या, शेवटचा निर्णय विमानतळावर होईल. जनावरांच्या डॉक्टरांनी जेवणाचा डबा बाजूला सारून साहेबांना तपासले आणि प्रवासाला योग्य असे लिहून दिले. एक वाजल्यानंतर साहेबांना पाणी दिले नाही. त्यांनी रिकाम्या वाडग्याकडे एकदा पाहिले आणि नाद सोडला.

विमानतळावरच्या अधिकारी मॅडमनी लसीकरणाचा दाखला, प्रशिक्षणाचे ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी क्रमाने वाचली. नोटीस नाही, हे त्यांनी दोनदा बोलून दाखवले. कुत्रा कुठेही बेशिस्त वागला तर पास रद्द करीन, असे सांगून त्या आमच्याबरोबर तपासणीपर्यंत आल्या.

तपासणीच्या कमानीत माझी बकले वाजली. पहारेकऱ्याने पट्टा काढायला सांगितला. अशा वेळी पट्टा काढायचा नाही, हाताने तपासा म्हणायचे, हे बाईंना प्रशिक्षण केंद्रात पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. पण डोक्यात सही होती आणि आठ वाजत येताहेत असे वाटत होते. बोटांनी रोजच्या सवयीने दोन्ही बकले सोडली.

मी ट्रेमध्ये पडलो. तिथून मला सगळे दिसत होते आणि काही करता येत नव्हते. साहेबांनी तीन वेळा अंग झाडले. मग ते सपाता शोधायला निघाले. शेजारच्या ट्रेमध्ये एका जाडजूड काकांचे बूट होते. साहेबांनी त्यातला एक अलगद उचलला आणि बाईंच्या पायाशी आणून ठेवला. मोजे घातलेले काका एका पायावर उभे राहून बघत राहिले. रांग हसली. मॅडम हसल्या नाहीत.

त्यांनी शांतपणे विचारले, "हा शिकवलेला कुत्रा आहे?"

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आवाज मात्र टेलिफोनवरचाच होता. "चूक त्याची नाही, माझी आहे. मी पट्टा काढला म्हणजे त्याची सुट्टी झाली. सुट्टीत तो सपाता आणतो. पट्टा चढवू द्या आणि मग काय सांगायचं ते सांगा."

मॅडमनी घड्याळ पाहिले. सात नंबरचे दार साठ पावले सरळ आणि मग डावीकडे. आपण मागून येऊ, पण बोलणार नाही, असे त्या म्हणाल्या.

बाईंनी मला पुढे धरले. साहेबांनी स्वतःच माझ्यात मान घातली. बकले लागली आणि त्यांची पाठ माझ्याखाली सरळ झाली. आम्ही निघालो. एक ओली फरशी वळसा घालून टाळली. एका लहान मुलीने बिस्किट पुढे केले, तिकडे साहेबांचे नाकसुद्धा वळले नाही. हे मी दांड्याच्या शपथेवर सांगतो, कारण वळले असते तर मला कळले असते. मग डावे वळण आले आणि साहेब थांबले.

समोर रांगेची आडवी दोरी होती, बाईंच्या कमरेएवढी. साहेब तिच्याखालून सहज गेले असते. मोकळी वाट होती, पण ती एकट्या साहेबांची होती. ते तसूभर हलले नाहीत. बाईंनी हात पुढे करून दोरी शोधली. तेवढ्यात मॅडम पुढे आल्या, त्यांनी ती सोडली आणि बाईंच्या पासवर सही केली.

विमानात बूटवाले काकाच शेजारी आले. बसताना त्यांनी, बूट घट्ट बांधले आहेत, कुत्र्याला सांगून ठेवा, असे बाईंना बजावले. विमान धावू लागले तेव्हा साहेबांची थरथर माझ्या चामड्यातून दांड्यात आणि दांड्यातून बाईंच्या हातात गेली. बाईंचा हातही कापत होता. मधे मी होतो. थोड्या वेळाने कोण कुणामुळे शांत झाले, ते मला सांगता येणार नाही.

सात पस्तीसला आम्ही ताईच्या खोलीच्या दाराशी होतो. ताईचा आवाज पार बसला होता. तरी ती म्हणाली, "आला का माझी नोकरी खाणारा?" मग तिने पेन मागितले. सही करताना तिचा डावा हात बाईंच्या हातात होता.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी ताईला चालवायचे होते. तिने नर्सचा हात घेतला नाही. बाईंचे उजवे कोपर धरले. बाईंनी मला धरले. साहेब पुढे. त्या लांब व्हरांड्यात आम्ही एक्केचाळीस पावले गेलो. परत येताना ताईने विचारले, "माझं कोपर धरून चालायचीस तेव्हा असंच वाटायचं का गं?" बाई हो म्हणाल्या.

मित्रांनो, एकूण नऊ वर्षांच्या नोकरीनंतर साहेब निवृत्त झाले आणि ताईकडे राहायला गेले. तिथे ते दोन वर्षे तिच्या सपाता आणत होते. बाईंकडे नवा कुत्रा आला. त्याचा नवा पट्टा नायलॉनचा आहे, हलका आणि पाण्याने धुता येणारा. तो पहिल्या खुंटीवर असतो. मी मध्यंतरी विसरला गेलो. एका दमट ऋतूत मला बुरशी आली आणि दांड्याजवळ चामडे तडकले. माझी तक्रार नाही, मी फक्त झाले ते सांगतो.

वर्षातून दोनदा ताई येते, मला उतरवते आणि तेल लावते. डाव्या बकलाजवळच्या टाक्यात साहेबांचा एक काळा केस अडकला आहे. तेवढी जागा ती बोट न लावता सोडते.

मला एकच मागायचे आहे. रस्त्यात पट्टा घातलेला कुत्रा दिसला, तर त्याला हाक मारू नका आणि बिस्किट दाखवू नका. तो कामावर असतो. कुत्र्याशिवाय एखादे अंध माणूस चौकात उभे असेल, तर त्याचा हात धरून ओढू नका. आधी विचारा. ते हो म्हणाले, तर आपले कोपर पुढे करा आणि अर्धे पाऊल पुढे चाला. कोपर झिजले तर झिजू द्या. ठिगळ लावता येते.