पूलवाले डॉक्टर

"बाबा, उद्या माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला तुम्ही नाही आलात तरी चालेल," बुटांना पॉलिश करता करता मुलगी म्हणाली.

"का? माझ्या शर्टाची लाज वाटते?"

"तसं नाही हो. तुम्हाला आवडणार नाही असं काही निघेल."

"ते येणार नाहीत, असं होईल का?" आई आतून म्हणाली. "आठवडाभर आरशासमोर मान डोलवायची तालीम चाललीये!"

डॉक्टर हसले, पण मनात पाल चुकचुकलीच.

डॉक्टर भूलतज्ज्ञ. जन्मभर त्यांनी माणसं झोपवली आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, उठवली. नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात, भूल देणाऱ्याला ओळखतही नाहीत. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. त्यांचा जीव अडकला होता भलत्याच गोष्टीत. गुंगीचं औषध देताना ते रोग्याला आकडे मोजायला लावत आणि दर आकड्याला एक बोट उचलायला सांगत. जीभ थांबे, बोट मात्र आणखी दोन-तीनदा उचललं जाई. दर वेळी नाही, पण पुष्कळदा. यावरून त्यांनी ताडलं की, जिभेचा आणि बोटाचा मेंदूतला संबंध तुटतो, म्हणजे हे औषध मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडणाऱ्या पुलावरच जाऊन बसतं. एका परिषदेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा लोक पोट धरून हसले. तेव्हापासून ते 'पूलवाले डॉक्टर'. नाव झोंबलं, पण पूल काही त्यांनी सोडला नाही.

आणि लेक नेमकी त्याच वाटेला लागली. तेच औषध मेंदूत कुठे कुठे बसतं, याचा नकाशा करायचा. उंदराच्या मेंदूचे केसाहून पातळ काप काचेवर घ्यायचे, त्यांवर किरणोत्सारी खूण लावलेलं औषध सोडायचं, वर फिल्म ठेवायची आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. जिथे औषध, तिथे फिल्म काळी. मागच्या वर्षी तिचा फोन आला होता, "बाबा, पूल काळा आलाय! काळाकुट्ट!" डॉक्टरांनी ही बातमी वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगितली. त्यानंतर मात्र विषय काढला की ती म्हणे, "अजून एक काच बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी सभागृहात, परीक्षकांसमोर, पडद्यावर तो पूल आला. डॉक्टरांनी बायकोला कोपर मारलं.

"तो बघ!"

"बघतेय. ओरडू नका."

"हा पट्टा पाहून मी नाचले होते," मुलगी सांगत होती. "एका भूलतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं रोग्यांची बोटं पाहून ही जागा सुचवली होती. म्हणून पक्की खात्री करायला दुसरी काच केली. तिच्यावर आधी बिनखुणेचं औषध भरपूर ओतलं, सगळ्या खऱ्या जागा भरून टाकल्या, आणि मग खुणेचं औषध सोडलं. त्याला बसायला जागाच उरली नाही, तर काळा रंग जायला हवा."

पुढचं चित्र आलं. बाकीचा मेंदू पुसल्यासारखा फिका पडला होता. पूल तस्साच काळा.

"म्हणजे पुलावर औषधाची जागा नाही. पुलात चरबी फार, आणि हे औषधही तेलकट. ते तिथे नुसतं चिकटतं. तेलाचा हात भिंतीला लागला म्हणून भिंतीत दार असतं असं नाही. बोटांचं निरीक्षण खरं आहे. त्याचं कारण मला माहीत नाही. पण पुलाची कल्पना चूक आहे."

इतकी वर्षं उराशी धरलेली गोष्ट पोटच्या पोरीने चारचौघांत निकालात काढली होती. परिषदेत हसलेल्यांपैकी एक जण पुढच्याच रांगेत होता. त्याने मागे वळून पाहिलंसुद्धा.

"श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

डॉक्टर उभे राहिले. बायकोने शर्ट ओढला. "बसा हो खाली! पोरीचा दिवस आहे!" व्यासपीठावर पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम," डॉक्टर म्हणाले, "ती दुसरी काच एकदाच केलीत?"

"नाही, सर. परत केली. मग नव्या कापांवर केली. मग दुसऱ्याकडून करून घेतली, काय शोधतोय ते त्याला न सांगता." तिने पडद्यावरच्या काळ्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं. "मला पूल हवा होता, सर."

डॉक्टरांच्या मनात आलं, आपण हा पूल आयुष्यभर मिरवला, पण एकदाही गदागदा हलवून पाहिला नाही. तेवढी छातीच नव्हती. हिने बापाचा पूल स्वतःच्या हातांनी पुन्हा पुन्हा हलवला आणि पडला तेव्हा पडू दिला.

"मग पूल नाही," ते म्हणाले. "आभारी आहे."

ते बसले. पुढच्या रांगेतला माणूस मागे झुकून कुजबुजला, "वाईट वाटलं हो, डॉक्टर. कोण ही मुलगी? ओळखता का?"

"माझी मुलगी आहे ती," डॉक्टर म्हणाले. हळू बोलायचं ते साफ विसरले होते. परीक्षकांनीही माना वर करून पाहिलं.