आंबवणाचं पिंप

माझा दीर दयानंद याला चारचौघांत माझ्या पिंपात कोपरापर्यंत हात घालायला लावायचा, हे मी ज्या दिवशी ठरवलं त्या दिवशी मी उपाशी होते. म्हणजे जेवायला बसले होते, पण मला उठवलं गेलं.

दोन हजार सात सालचा मार्गशीर्ष. कासार आंबोलीतली रस्त्याकडेची जमीन विकून दयानंदने बंगला बांधला आणि वास्तुशांत घातली. पहिल्या पंगतीत मी बसले. थोरल्या भावाची बायको मी. माझा नवरा एकनाथ गेल्यावर त्या घरात वडीलधारं म्हणावं असं माझ्याशिवाय कोण होतं? वरणभात वाढून झाला, मी पानाला हात लावणार तोच दयानंद मागून आला. कानात सांगतोय असं दाखवत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वयनी, हाताला वास येतोय तुमच्या. शेजारी पुण्याची माणसं हायेत. तुमी मागच्या पंगतीला बसा."

भरल्या पानावरून मी उठले. मागच्या पंगतीला बसायला काही मी थांबले नाही. घरी येऊन हात साबणाने धुतले, मग राखेने घासले, आणि मग माझाच मला इतका राग आला की तांब्या अंगणात भिरकावला. मी कशाला धुवू?

वास येत होता हे खरं आहे. माझ्या कोंबड्या आंबवणावर वाढतात. कण्या, भरडलेला मका आणि तांदळाचा कोंडा पिंपात भिजवायचा, आदल्या आंबवणातलं वाटीभर पाणी त्यात घालायचं आणि तीन दिवस झाकून ठेवायचं. बुडबुडे आले, आंबूस वास सुटला की झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा दयानंद नऊ वर्षांचा होता. या आंबवणावरच्या कोंबड्यांची अंडी त्याला रोज उकडून देणारी मीच. तेव्हा त्याला कधी वास आला नाही.

मार्चअखेरीला त्याची बायको सुलक्षणा दोन खोकी घेऊन दारात उभी राहिली. आत एक दिवसाची दीडशे पिल्लं चिवचिवत होती. लवासाकडे जाणाऱ्या गाड्या थांबाव्यात म्हणून दयानंद गावरान कोंबड्यांचं फार्म काढत होता, अक्षय्य तृतीयेला उद्घाटन होतं. पहिली पिल्लं लोडशेडिंगमध्ये उबेसाठी लावलेले बल्ब गेल्यामुळे गारठून मेली होती.

"वयनी, तुमच्या हाताला गुण हाय," सुलक्षणा खाली बघत म्हणाली. "पाच आठवडं सांभाळा. ह्ये खाद्याचं पोतं धाडलंय त्यांनी. ह्येच घाला म्हणालेत, दुसरं कायबी नको."

हाताला वास येतो तो हा हात, आणि गुण आहे तोही हाच. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच क्षणी मला माझा रस्ताही दिसला, आणि मी हसून म्हणाले, "ठेव की. घरचीच हायेत."

डाव साधा होता. पिल्लांना आंबवणाची अशी गोडी लावायची की कोरड्या खाद्याकडे त्यांनी ढुंकून बघू नये. मग दयानंदला माझ्या पिंपापाशी यावंच लागेल.

पण पिल्लांना माझा डाव कुठे माहीत होता! पहिला आठवडा त्यांना पोत्यातलंच खाऊ दिलं. मग ताटलीत आंबवण ठेवलं, तर ती साप बघितल्यासारखी मागे सरली. चार जणांनी त्यात पाय बुडवले आणि ओले पाय झाडत बसली. ताटली संध्याकाळी तशीच उचलली. दुसऱ्या दिवशी आंबवण मुठीत पिळून मोकळं केलं आणि दहा मुठी कोरड्यात एक मूठ मिसळलं. त्यांनी कोरडं तेवढं वेचून खाल्लं आणि ओला दाणा न् दाणा मागे ठेवला. इतकी चिकाटी मी माणसांत पाहिली नाही. सकाळी भुकेच्या वेळी नुसतं आंबवण ठेवून पाहिलं. दुपारपर्यंत कालवा करून त्यांनी मला हरवलं. दयानंदचीच पिल्लं शोभतात, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले.

मग डोक्यात आलं, यांना आई कुठे आहे? कोंबडी पिल्लांना खायला शिकवते ती चोच आपटून. मी जमिनीवर उकिडवी बसले, तर्जनी दुमडली आणि आंबवणाच्या ताटलीत नख टक टक वाजवायला लागले. तोंडाने "तित् तित् तित्" चालू. पन्नाशीची बाई कोंबडी झालेली कोणी बघितली असती तर बघितली असती. घटकाभराने एक पिल्लू आलं आणि माझ्या नखाला चिकटलेली कणी टिपून पळालं. ते पळालं म्हणून बाकीची त्याच्या मागे लागली. दुसऱ्याच्या चोचीतलं हिसकावून घ्यायचं एवढं त्यांना न शिकवता येतं. कणी या चोचीतून त्या चोचीत गेली आणि पाच-सहा जणांनी चव बघितली. संध्याकाळी दहा जणं आली. आणखी तीन-चार दिवसांनी मी ताटलीशी वाकले की दीडशेच्या दीडशे माझ्या हातावर तुटून पडायची, मनगटावर चढायची, बांगडीत चोच घालायची.

आता मी थांबायला हवं होतं का? मी थांबले नाही. शेवटचे तीन आठवडे कोरड्याचा एक कण त्यांना दिसू दिला नाही. नुसत्या ताटलीतलंही पुढे बंद केलं. हातातून द्यायचं, नख वाजवून. रोज मनात म्हणायची, खा बायांनो, तुमच्या मालकाला वाकवायचंय.

उद्घाटनाला पाच दिवस असताना दयानंद टोपल्या घेऊन आला. एक पिल्लू हातात धरून म्हणाला, "वजनं झ्याक भरल्यात. बघा, चांगलं खाद्य घातलं की असं हुतं." मी पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं असेल मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा आली. "वयनी, खात न्हाईत वो."

"नवी जागा हाय. खातील."

तिसऱ्या दिवशी ती परत आली. डोळे सुजलेले. "लई उष्मा हाय, पत्रा तापतुया. नुसती वरडत्यात. तुमी काय घालत हुता?"

"नवऱ्याला धाड. त्येनं येऊन इचारावं."

"ते न्हाई यायचे."

"मग मीबी न्हाई."

ती गेली. मी ओसरीवर बसले. त्याचं फार्म माझ्या दारापासून दोनशे पावलं. मे महिन्याच्या उन्हात तो चिवचिवाट मला नीट ऐकू येत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो गोड लागत होता. प्रत्येक आवाजागणिक तो माझ्या पिंपाकडे एक पाऊल सरकतोय असं वाटायचं.

चौथ्या दिवशी आवाज उतरला. दुपारनंतर तर फारच थोडा. पिल्लं खायला लागली! तीन आठवडे हातातून भरवलं आणि चार दिवसांत फितूर झाली, त्याच्या पोत्याला लागली. मी चिडून पिंपाला लाथ मारली. सुलक्षणाही त्या दिवशी आली नाही, म्हणजे सगळं सुरळीत चाललंय, दुसरा काय अर्थ?

अक्षय्य तृतीयेला सकाळी दहाच्या सुमाराला मात्र गडी धावत आला. "बाई, मालकांनी बोलावलंय. आंबवण घिऊन या, तुमी त्येच घातलं असणार म्हणत्यात."

मला नाचावंसं वाटलं. गड्याच्या डोक्यावर पिंप दिलं आणि चांगलं लुगडं नेसून मागोमाग गेले.

जाळीभोवती पुण्याचे पाहुणे उभे होते. आत पिल्लं कोपऱ्यात पंख पाडून दाटीने बसलेली. एक लहान मुलगी विचारत होती, "बाबा, ही आजारी आहेत का?" दयानंदच्या कपाळावर घाम, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा.

"वयनी, घाला की त्यांना," तो हळूच म्हणाला.

"मी का? फारम तुमचं हाय, भावजी. घाला हात."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. पाहुणे कौतुकाने बघत होते. त्याने बाही सारली, नाक मुरडलं आणि हात घातला.

"वर वर नगं. दाट खाली असतंय."

हात कोपरापर्यंत गेला. आंबूस पाणी सदऱ्याच्या पुढ्यावर उडालं, पुढची बाई नाकाला रुमाल लावून मागे सरली.

"आता खाली बसा. नख वाजवा. तित् तित् म्हणा. मोठ्यानं, ऐकू ग्येलं पायजे."

तो बसला. माझा दीर उकिडवा बसून सगळ्यांदेखत "तित् तित्" करायला लागला. पोरं खिदळली. एकाने फोटो काढला. दोन-चार पिल्लं धडपडत उठली, मग बाकीची, आणि त्याच्या हातावर तुटून पडली. पाच महिने छातीत जळत होतं ते एकदम विझलं. इतकं गार मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पण माझी नजर आपोआप पिल्लांवरून फिरली. गर्दी कमी वाटली. सुलक्षणा कुठे दिसेना म्हणून मी शेडच्या मागे गेले. ती पोत्याने झाकलेल्या टोपलीपाशी बसली होती. मी पोतं उचललं.

"परवापास्नं मरत्यात," ती म्हणाली. "चाळीस झाली. तुमच्याकडं येत हुते, यांनी न्हाई येऊ दिलं."

मी एक हातात घेतलं. गळ्याखालची पिशवी चाचपली. रिकामी, कातड्याला कातडं चिकटलेलं. मी दुसरं चाचपलं, तिसरं चाचपलं. एकानेही त्याच्या पोत्यातला दाणा घेतला नव्हता. फितूर कोणीच झालं नव्हतं.

मी टोपली उचलली. ही पाहुण्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवायची, बघू दे त्यांना याचं फार्म. शेडच्या कोपऱ्यापर्यंत मी तरातरा गेले. पलीकडे दयानंद अजून उकिडवा बसला होता आणि ती लहान मुलगी त्याच्या शेजारी बसून नख वाजवत होती. टोपली बघितल्यावर ती पहिली विचारणार, कशाने मेली? आणि त्याचं उत्तर तिथे फक्त मला माहीत होतं.

मी पोतं परत टोपलीवर ओढलं, ती सुलक्षणापाशी ठेवली आणि मागच्या वाटेने घरी आले.