पंच्याखालचा सौदा

माणूस डोळे चुकवायला लागला की मला शंका येते. पायाकुंबुहच्या गुरांच्या बाजारात जमारिस सुताननं पंच्याखाली माझी बोटं दाबली, भाव पटला, पण गडी वर बघेना. आमच्याकडे सौदा असाच. तोंडानं अवाक्षर नाही, बोटंच बोलतात. दावं घेणाऱ्याच्या हातात गेलं की जनावर त्याचं, मग ते जगो की मरो.

त्यानं दावं घेतलं आणि लगेच माझ्या हातात परत दिलं. "मालिनभाऊ, ईदेपर्यंत तुमच्याच गोठ्यात राहू दे. माझ्याकडे जागा नाही."

जागा नाही म्हणे! चार दिवसांत याला कुठे स्वस्त बैल मिळाला तर हा कशाला फिरकतोय? पंच्याखालच्या बोटांना साक्षीदार कोण?

"कागद करू," मी म्हणालो.

आता कुठे त्यानं वर पाहिलं. "पंच्याखालच्या सौद्याला कागद? तुमच्या आज्यानं मागितला होता का कधी?"

"आज्याच्या वेळची माणसं वेगळी होती."

"होती खरी," सुतान म्हणाला आणि त्यानं अंगठा दिला.

मजकूर मीच शाळेच्या गुरुजींकडून लिहून घेतला होता. ईदेच्या सकाळी मी धडधाकट बैल त्याच्या दारात द्यायचा, त्यानं ठरलेली किंमत द्यायची. जो चुकेल त्यानं तसाच दुसरा बैल द्यायचा. घरी बायको चिडली. "विश्वास नव्हता तर बोटं कशाला धरलीत?"

तिसऱ्या दिवशी बैल पोट फुगून मेला. गोठ्यात उरला धाकटा, लेकीच्या लग्नाच्या जेवणासाठी राखलेला.

मी सुतानकडे धावलो. "दावं तुमच्या हातात दिलं होतं. रिवाजानं बैल तुमचा मेला."

"रिवाजानं माझाच. बोटांवर थांबला असतात तर मेलेल्या बैलाचे पैसे मी मुकाट दिले असते." त्यानं कागद उलगडला. "पण इथं धडधाकट लिहिलंय. अक्षर गुरुजींचं, अक्कल तुमची."

खरंच दिले असते का त्यानं? मी त्याचे डोळे शोधले. तो सरळ माझ्याकडेच बघत होता, आणि मला लाज वाटली.

ईदेच्या सकाळी लेक दारात उभी होती. धाकट्याचं दावं मी सुतानच्या हातात दिलं. या वेळी त्यानं ते परत केलं नाही.