तीन नंबरचा बावटा

आमच्या गावापासून दर्या किती लांब हाय ते मला विचारू नका. चाकूरचा बाजार सोडला की लातूर, आन् लातूरच्या पलीकडं काय हाय ते महादेवाला ठाऊक. पण गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या गावात दर्याचा बावटा लागला, आन् समदं गाव त्याच्याखाली गप बसलं.

बावटा लावला शिवशंकरअण्णानं. उभा जन्म कोकणात बंदरावर नोकरी केली, आता रिटायर होऊन गावी आलाय. टीव्हीवर बंगालच्या उपसागरातलं वादळ दिसलं की ह्यानं ग्रामपंचायतीच्या गच्चीवर खांब रोवला, लाल बावटा चढवला आन् भोंग्यावर ओरडला, "तीन नंबर लागलाय! सावध ऱ्हावा!"

तीन नंबर म्हंजी काय, हे एकानंबी विचारलं न्हाई. विचारलं की माणूस अडाणी ठरतंय ना! सरपंच मडिवाळप्पानं मान डोलवली, "तीन म्हंजी तीनच." मास्तर म्हणला, "बाब गंभीर आहे." झालं! दोन दिवसांत शब्द गावभर सुटला. सासू तोंड फुगवून बसली की सून शेजारी सांगायची, "आमच्यात आज तीन नंबर हाय." ग्रामसेवक आला न्हाई, तर बावटा हाय. न्हावी म्हणला, बावट्यात मी वस्तरा धरत न्हाई. अरे मुडद्या, तुझ्या वस्तऱ्याला कुठला वारा लागतोय!

हसा, हसा. माझं मात्र सोयाबीन रानात कापून पडलं होतं. वर्षाचं पीक, एकच बनीम, म्हंजी गंजी, रचलेली. आमच्याकडं राशीचं, म्हंजी मळणीचं, मशीन एकट्या बालाजीचं. ते पाळीनं रानोरान फिरतंय. पाळी सोडली की सोडली, गाव संपलं की ते देवणीकडं जातंय. माझी पाळी आली त्या दिवशी ऊन असलं कडक, की कुत्रं सावली सोडंना. मी फडकं बांधून निघाले, तर वाटंत मास्तर आडवा. "दानम्माआक्का, बावट्यात रास? समदं गाव थांबलंय."

मला काय डोळे न्हाईत? आभाळ दिसत होतं की मला. पण चारचौघांत एकटीनं शहाणं व्हायचं म्हंजी भलतंच अवघड. मी बनीमवर ताडपत्री ओढली आन् पाळी सोडली. समद्यांनीच सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनचा आवाज आला. जाऊन बघते तर काय, रास चालली शिवशंकरअण्णाच्याच रानात! त्याची बायको सरजा तोंडाला पदर गुंडाळून पेंढ्या टाकत होती.

"अगं भवाने," मी म्हणलं, "नवरा तिकडं बावटा लावतोय, आन् तू इकडं रास करायलीस?"

"मी त्यास्नी विचारलं," सरजा म्हणली, "तीन नंबर म्हंजी काय? ते म्हणले, बंदरावर वारं उठणार, नावा दर्यात घालू नका. मी म्हणलं, माझ्याकडं कुठली आलीय नाव? मशीन मोकळंच हुतं, बोलावलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरजावर न्हाई, स्वतःवर. एवढं सोपं होतं! तोंड उघडून विचारायचं फक्त. मी तडक बालाजीच्या ट्रॅक्टरपुढं जाऊन उभी ऱ्हायले. "हिचं झालं की माझं. न्हाईतर घाल चाक अंगावर."

"आक्का, देवणीवाल्यांना जबान दिलीय मी."

"मग माझ्या मढ्यावरून जाऊन पाळ जबान."

मशीन आलं माझ्या रानात. ताडपत्री काढली, दुपारपर्यंत अर्धी बनीम रास झाली. दाणा कसा, पिवळाधमक. पोती भरून घरी धाडली. तेवढ्यात भोंगा वाजला, वादळ ओडिशाकडं वळलं, बावटा उतरवलाय, धोका टळला. गावानं हुश्श केलं आन् आपापल्या बनीम उन्हाला उघड्या केल्या.

आन् मग पाऊस आला. आपला घरचाच, परतीचा, ज्याला नंबर न्हाई न् बावटा न्हाई. असा कोसळला की ताडपत्रीचं टोक धरायला सवड दिली न्हाई. माझी अर्धी भिजली, सरजाची सोडून गावाची समदी. चौथ्या दिवशी शेंगंतच कोंब फुटले. मी बांधावर बसून रडले, लाज कसली त्यात.

मग ग्रामसभा. मी मूठभर कोंब आलेलं सोयाबीन घेऊन गेले आन् भरसभेत विचारलं, "अण्णा, तीन नंबर म्हंजी काय, ते एकदा समद्यांना सांगा."

कोणी पंख्याकडं बघतंय, कोणी चपलेकडं. अण्णा बिचारा खरा माणूस. उठून म्हणला, "नावा पाण्यात घालू नये, एवढाच त्याचा अर्थ. मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय."

मडिवाळप्पानं लगेच घसा साफ केला. "ठाऊकच हुतं! चूक बावट्याची न्हाईच. आपल्याकडं नावच न्हाई, तर बावटा लागू कसा पडंल? शासनानं गावाला एक नाव द्यावी, असा मी ठराव मांडतो."

मास्तरनं अनुमोदन दिलं. भराभरा हात वर गेले, भिजलेल्या बनीमवाल्यांचेबी. मीबी हात वर केला, मूठ उघडली, कोंब दाखवले.

ग्रामसेवकानं मान वर न करता माझाबी हात मोजला आन् लिवलं, ठराव एकमतानं मंजूर.