तिचाकीची बैठक

ओस्कोनबायला त्याच्याच गाडीने एकदा आपटलं होतं, तेव्हापासून कोक-झार गावच्या उतारावरच्या वळणाकडे तो बघायचंच टाळायचा. त्याने स्वतः बनवलेल्या त्या पहिल्या तिचाकीला पुढे एक चाक होतं आणि मागे दोन. शाळेखालच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि गाडी दमलेल्या मेंढीसारखी कुशीवर झाली. गळ्याजवळचं हाड मोडलं. जन्मभर कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस, गावात त्याच्या शब्दाला मान होता, आणि तो आता गळ्यात हात अडकवून हिंडत होता.

पण गाडी तर हवीच होती. सून आयतुर्गान खालच्या शहरात, नऊ किलोमीटरवर, बाळंतिणींच्या दवाखान्यात नर्स होती. वर गावात येणारी बस वसंतापासून बंद पडलेली. मुलगा रशियात. सून रोज पायी उतरायची आणि पायी चढायची, आणि आता बर्फ तोंडावर आलं होतं.

म्हणून त्याने दुसरी बनवली. या खेपेला दोन चाकं पुढे, एक मागे. पुढची चाकं जुन्या झिगुली मोटारीची, मागे मोटरसायकलचं चाक आणि तिचंच इंजिन. समोरून वारा लागू नये म्हणून पत्र्याचं उंच नाक, वर छत, बाजू मोकळ्या. आणि बैठक इतकी खाली की जमीन जेमतेम वीतभर राहिली. वजन खाली असलं की गाडी पडत नाही, हे त्याला हाड मोडून कळलं होतं.

त्याची बायको बुबुश बघून नाक मुरडायची. "घोड्यावर बसलं की माणूस उंच होतो म्हाताऱ्या. तुझ्या गाडीत बसलं की बुटका होतो. घरची सून रस्त्याला टेकवून शहरात पाठवणार?"

"टेकवून पाठवतोय, म्हणजे टिकेल," तो म्हणायचा.

चाचणीही त्याने घेतली. सुनेच्या वजनाइतकं पिठाचं पोतं बैठकीला बांधलं, हँडल वळवून पक्कं केलं, आणि गावातला वडीलधारा कापार अक्साकल याच्या घोड्याला दोर लावून गाडी शाळेच्या मैदानात गरगर फिरवली. सगळं गाव हसायला जमलं होतं. गाडी पडली नाही. पोतं हललंसुद्धा नाही. मग सुनेने तीन संध्याकाळी त्याच सपाट मैदानात ती चालवली. बोलली काहीच नाही, पण सासऱ्यासमोर ती कधीच फारसं बोलत नसे.

स्वतः ओस्कोनबाय मात्र त्या गाडीत एकदाही बसला नव्हता. खांदा दुखतो असं सांगायचा. खांदा केव्हाच बरा झाला होता. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. हा तर ताकाच्या वाटीजवळही जाईना.

पहिल्या दिवशी सकाळी दारात माणसं जमली. कापार अक्साकलने घोडा फाटकाला बांधला, तळहात उघडले आणि आशीर्वाद दिला, रस्ता मोकळा असो, चाक सरळ असो. रीतीप्रमाणे सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आयतुर्गान बैठकीवर शाल पसरून बसली होती. तिचं डोकं छताला टेकल्यासारखं ओस्कोनबायला ओझरतं वाटलं, पण सुनेकडे टक लावून बघायची त्या घरात रीत नव्हती. त्याने नजर चाकांवर ठेवली. गाडी फटफटत उताराला लागली.

तो चहाला आत आला. समोर पेटीवर घडी घातलेल्या गाद्यांचा ढीग होता. घरात पाहुणा आला की त्याच्याखाली घालायच्या त्या गाद्या, बुबुशच्या माहेरच्या, सात. लेथवरच्या माणसाची नजर. तिला कमी-जास्त लगेच खुपतं. आज ढीग बुटका दिसला. चारच होत्या.

"तीन कुठे गेल्या?"

"सुनेला दिल्या बसायला. दुमडून ठेवल्यात," बुबुश म्हणाली. "अरे, ऐक तरी, तिनंच..."

पुढचं ऐकायला तो थांबला नाही. तीन गाद्या, दुमडून सहा थर. वीतभर बैठकीची हातभर झाली होती. अक्साकलला न विचारता त्याने घोडा सोडला आणि त्यावर बसला.

खरं तर उतारावर घोडा पळवू नये, पण तो पळवत होता. शाळेखालचं वळण आलं. तिथल्या मातीत तिन्ही चाकांच्या रेघा होत्या, आणि वळणाच्या पोटात त्यातली एक हातभर गायब होऊन पुन्हा उमटली होती. चाक उचललं गेलं होतं. इथेच तिला कळायला हवं होतं. मग ती थांबली का नाही? पुढे पॉपलरचं वळण, त्याच्या कडेला ओढा, आणि ओढ्यात नुसते धोंडे. म्हाताऱ्याने घोड्याला पुन्हा टाच मारली.

पॉपलरच्या वळणावर गाडी कुशीवर पडली होती. वरचं चाक अजून हळूहळू फिरत होतं. लाल गादी रस्त्यावर, निळी झुडपात. गाडीत कोणी नव्हतं.

"बाळा!" तो ओरडला. मग ती सून होऊन आल्यापासून जे त्याने कधी उच्चारलं नव्हतं ते नाव उच्चारलं. "आयतुर्गान!"

"इथं आहे, अताके." सासऱ्याला ती अशीच हाक मारायची.

ती झाडाच्या बुंध्यामागून उठली. कोपर सोललं होतं, कपाळावर माती. हातात तिसरी गादी होती आणि तिचा फाटलेला कोपरा ती मुठीत लपवत होती. ओस्कोनबाय घोड्यावरून उतरला की पडला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. तो खाली बसला आणि रडला.

जरा वेळाने त्याला राग आला. भीती ओसरली की तो येतोच. "त्या म्हातारीचा मान. सुनेला उंच बसवायचं. तिला मी..."

"सासूबाईंना काही बोलू नका," ती म्हणाली. "गाद्या मी मागितल्या."

"तू?"

"मला समोरचं दिसत नव्हतं. मैदानात चाललं, तिथं काय बघायचंय. पण उतारावर नाकाचा पत्राच दिसतो, रस्ता दिसत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

ती गादीचा कोपरा नीट करत राहिली. "तुम्ही पोत्याला विचारलंत, अताके. पोत्याला डोळे नसतात."

दोघांनी मिळून गाडी सरळ केली. दवाखान्याची वेळ होत आली होती. आयतुर्गानने गाद्या घोड्यावर टाकल्या, मग उघड्या बैठकीकडे हात केला. "एकदा बसून बघा. माझ्याएवढे होऊन."

ओस्कोनबायने वळणाकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं. इंजिन बंद, चाकाखाली धोंडा, तरी त्याने गाडी आधी हाताने हलवून पाहिली. तो बसला आणि खाली सरकत सरकत डोळे तिच्या उंचीवर आणले. समोर पत्रा होता. त्याने स्वतः ठोकलेला, गुळगुळीत केलेला पत्रा, आणि त्यावर आभाळ. रस्ता कुठेच नव्हता.

"तुम्ही यात आधी कधी बसलाच नव्हता ना?" तिने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "भीती वाटत होती."

"मलाही वाटत होती," आयतुर्गान म्हणाली, आणि त्याला उठवायला तिने हात पुढे केला.