अलुओचच्या इंजिनाची बाधा

बाधा झालीय म्हणे इंजिनाला! अलुओचच्या डोक्यात तिडीक गेली. तलावातल्या म्फांगानो बेटाच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून ती इंजिनाचं झाकण काढत होती. तिचा दीर ओक्विरी मात्र कोरड्यात हाताची घडी घालून, साऱ्या बाजारकरणींना ऐकू जाईल असं बोलत होता.

“वहिनी, एरवी मी चालवतो तेव्हा कुरकुरतं का कधी? बाजाराच्या दिवशी तू बसलीस की भर तलावात बोंबलतं आणि गोगलगाय होतं. दादा जाऊन वर्ष झालं. दिराला नवरा म्हणून घरात घ्यायची रीत तू पाळली नाहीस. मग दुसरं काय होणार?”

“ही रीत इंजिनाला कोणी शिकवली, भावजी? तुम्हीच का?”

बाया फिस्सकन हसल्या, पण बोटीत एकही चढेना. पंचांनी बजावलं होतं, हाही बाजार चुकला तर बोट ओक्विरीच्या ताब्यात. बोट गेली की पोटासाठी तिला त्याच्याच दारात जावं लागणार, हे तोही जाणून होता. मेल्याला बायको नको होती, बोट हवी होती!

मागच्या बाजाराला इंजिन धोक्याचा भोंगा वाजवत बोंबलायला लागलं तेव्हा तिनं त्याच्यावर तळहात ठेवून पाहिला होता. जरा कोमट, बस्स. गार करणाऱ्या पाण्याची धारही जोरात पडत होती. म्हणजे इंजिन तापलंच नव्हतं. ते तापलंय असं सांगणारा सेन्सर खोटं बोलत होता, आणि त्याचं ऐकून बिचारं इंजिन आपणहून वेग कमी करत होतं. मग तिनं किसुमू शहरातून नवा मागवला.

अंगठ्याएवढा जुना सेन्सर काढून ती तरातरा किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेली; बाया आणि ओक्विरीही मागोमाग आले. सेन्सरच्या तारा आपल्या विजेच्या मीटरला जोडून तो तिनं गार पाण्यात बुडवला. काटा जागेवर राहिला. त्यात किटलीतलं थोडं गरम पाणी ओतलं, तसा काटा एकदम टोकाला जाऊन आपटला. नवा बुडवला, तर काटा हळूहळू, शहाण्यासारखा सरकला.

“बघितलंत? बाजाराच्या दिवशी बोट पोत्यांनी भरते, इंजिन पुरा जोर लावतं, जरा गरम होतं आणि हा मेला बोंबलतो. भावजी रिकामी बोट फिरवतात, ती कशाला बोंबलेल?”

“पाण्याचे खेळ दाखवू नकोस,” ओक्विरी म्हणाला. “बायांनो, मी नुसता पुढे बसतो. मग या.”

“खबरदार माझ्या बोटीत पाय ठेवलात तर!”

नवा सेन्सर बसवून तिनं सरळ बायांची सुक्या मासळीची पोती उचलली आणि बोटीत फेकायला सुरुवात केली. “मासळीला तर बाधा होत नाही ना? तुम्ही राहा इथंच. माल मी विकते.”

“अगं ए, माझं पोतं!” सगळ्यात थोरली, ओमोलोची आई, झगा सावरत पाण्यात धावली. तिच्यामागून सगळ्या आपापल्या पोत्यावर डोळा ठेवून, शिव्या देत चढल्या.

बोट सुसाट निघाली. दर बाजाराला इंजिन जिथं रडायचं ती जागा मागे पडली, तरी त्याचा सूर हलला नाही. अलुओचची मान ताठ झाली. तेवढ्यात मागून ओमोलोची आई कोणाला तरी म्हणाली, “ओक्विरीनं काल गुपचूप काहीतरी केलं असणार हो. म्हणून उतरली बाधा.”

अलुओचनं इंजिन बंद केलं.

भर तलावात बोट डुलायला लागली. किनारा लांब होता, बाजार त्याहून लांब.

“काय झालं गं?”

“काही नाही, मावशी. कोणी उतरवली ते नीट सांगा. तोवर बसू इथंच. मला घाई नाही.”

ऊन चढत होतं, बाजार भरत आला असणार. बऱ्याच वेळानं ओमोलोच्या आईनं नजर खाली घातली.

“तू,” ती म्हणाली. “तू दुरुस्त केलंस, अलुओच.”

“मोठ्यानं बोला. परत गेल्यावर किनाऱ्यावरही असंच म्हणायचंय.”

म्हातारीनं तेच ओरडून सांगितलं. मग अलुओचनं इंजिन सुरू केलं.